त्रिंबकबुवांची ललकारी

निजामाच्या अमलात टाळकरी त्रिंबकबुवा गावच्या पोरांना हौसेनं व्हॉलीबॉल शिकवायचे. शेवटचा सामना झाला आणि बुवा तोंड पाडून घरी आले.

"साऱ्या हंगामात एक सामना हरला न्हाईत, मग तहसीलदारसाहेबांचा बक्षिसाचा पेला सिरसाळ्याच्या पोरांना का म्हून गेला?" त्यांच्या बायकोनं, बायनाबाईंनी विचारलं.

"आजवर जिंकत आलो ते असं. आपला चेंडू जाळीवरून गेला, की मी कडेनं ललकारायचो, 'पुंडलिक वरदाऽ!' समोरची पोरं कीर्तनातच वाढलेली. सवयीनं दोन्ही हात वर करून 'हारी विठ्ठल' म्हणायची, अन् चेंडू पडायचा त्यांच्या पायाशी."

"अगं बाई! देवाच्या नावानं लबाडी? अन् आज?"

"आज शेवटच्या गुणाला आपल्या धर्मराजनं जाळीपाशी उडी मारून चेंडू काय हाणला म्हणून सांगू! मला राहवलं न्हाई, ललकारलो. सिरसाळ्याच्या पोरांचे हात वर गेले. चेंडू त्या हातांवर आपटला, अन् उलटा येऊन आपल्याच पोरांत पडला."

बायनाबाई पदराआड हसल्या.

"देवाला खेळायला बोलावलंत खरं, पण कुठल्या बाजूनं ते सांगितलंच न्हाई की!"