नुसतं बघतोय

वृद्धाश्रमातून सिनिक्काचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि बाहेर उणे एकतीस होतं. नदीकडच्या अंगाचे, गरम पाण्यानं खोल्या तापवणारे सगळे रेडिएटर गार पडलेत, तिथल्या खोल्यांत बावीस माणसं आहेत, ती म्हणाली. तिथली जुनी नर्स ती, उगाच घाबरणारी नव्हती. पण फोन ठेवण्याआधी तिनं खोल्यांचं तापमान दोनदा सांगितलं.

राइली हुत्तुनेननं स्वयंपाकघरातल्या टेबलावरच लॅपटॉप उघडला. गावाला गरम पाणी पुरवणारे पंप ती दोन वर्षं घरूनच सांभाळत होती. असा बिघाड म्हणजे मिनिटभराचं काम. बंद पडलेला पंप पडद्यावर शोधायचा आणि पुन्हा सुरू करायचा. तिनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर ओळ उमटली: तीनही जोडण्या वापरात आहेत, थोड्या वेळाने प्रयत्न करा.

पुन्हा टाकला. पुन्हा तेच. चौथ्या खेपेला तिची कानशिलं तापली. यंत्रणेचा परवाना तिघांचा होता. यादीत नावं अकरा असली तरी एका वेळी आत तिघंच. हे तिनं हिवाळ्याआधी खात्याच्या प्रमुखाला, ओस्मो सोर्साला, दोनदा लिहून कळवलं होतं. तुझं नाव यादीत आहे की, एवढंच त्याचं उत्तर आलं होतं.

तिनं त्यालाच फोन लावला. मागे कपबशा वाजत होत्या, कुणीतरी हसत होतं. दुसऱ्या नगरपालिकेची माणसं आलीत, तो म्हणाला, त्यांना आपली यंत्रणा दाखवतोय. दोघा पाहुण्यांपुढे एकेक लॅपटॉप ठेवला होता, तिसरा त्याच्यापुढे.

"ओस्मो, एक जण बाहेर पडा. मला आत जायचंय. वृद्धाश्रमाचा पंप बंद पडलाय."

"हो, तो लाल ठिपका आम्हालाही दिसला. मी यांना तेच समजावत होतो, बिघाड कसा लगेच कळतो ते."

"मग सुरू कर ना."

"आमच्या पासवर्डनं सुरू करता येत नाही. आम्ही नुसतं बघतोय."

"बघणाराही मोजला जातो. तुम्ही तिघं बसलात, म्हणून मी बाहेर आहे."

यादी त्यानंच केली आहे, तो म्हणाला, आणि तिचं नाव त्यात चौथं आहे. पासवर्ड नीट बघून टाक. मग आवाज खाली आणून त्यानं सांगितलं की माणसं दोनशे किलोमीटरवरून आली आहेत, त्यांच्यासमोर हे बरं दिसत नाही, दहा मिनिटं थांब. फोन बंद झाला.

राइली थांबली नाही. पायजम्यावरच जाड विजार चढवून ती गाडीत बसली. पंपघर पुलापलीकडे, चौदा किलोमीटरवर. रस्ता काचेसारखा झाला होता. जोरात जाता येईना. सगळी वाट ती ओस्मोशी मोठमोठ्यानं भांडत गेली, एकटीच. पंपघराचं कुलूप गोठलं होतं, ते उघडायलाच पाच मिनिटं गेली. आत तिनं खटका खाली ओढला, वर केला. पंप घुरघुरला आणि सुरू झाला. एवढंच काम होतं.

तिथून ती थेट वृद्धाश्रमात गेली. पाणी पोचायला लागलं होतं, पण भिंती अजून गारच होत्या. एकानं छातीत दुखतं म्हटलं, त्याला रुग्णवाहिकेतून नेलं होतं. बाकीच्यांना सिनिक्कानं कोट-टोप्या घालून, गरम पाण्याच्या पिशव्या देऊन निजवलं होतं. एक्क्याण्णव वर्षांच्या हिल्का आजीचे हात राइलीनं हातात घेतले. बोटं निळसर झाली होती. ती चोळत बसली.

दुपारी ओस्मो आला. मागे दोघे पाहुणे, गळ्यात ओळखपत्रं. यंत्रणेचा प्रत्यक्ष उपयोग दाखवायला तो त्यांना घेऊन आला होता. आता सगळे ठिपके हिरवे आहेत, तो राइलीला म्हणाला.

"पंपावर गाडी घेऊन गेले मी," ती म्हणाली. हात चोळणं तिनं थांबवलं नव्हतं. "तुझ्या यादीत अकरा नावं आहेत, ओस्मो. आत जागा तिघांची आहे. सकाळी त्या तिन्ही जागांवर तुम्ही कॉफी पीत होतात."

ओस्मोनं तिच्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे. विचार करून त्यानं खिशातून फोन काढला आणि काहीतरी लिहून घेतलं.

"काळजी करू नकोस," तो समजुतीनं म्हणाला. "तुला आणखी एक पासवर्ड काढून देतो. आजपासून यादीत बारा."

हिल्का आजीला कमी ऐकू यायचं. टोपी कानामागे सारून तिनं विचारलं, हा माणूस काय म्हणतोय.

राइलीनं तिचे हात ब्लँकेटखाली सरकवले आणि कड तिच्या हनुवटीपर्यंत ओढून दिली.

"काही नाही, आजी. बघायला आलेत."