केसभर फट

रझाकारीच्या साली बेळंबवाडीवर चालून जायचं म्हणून निजामाच्या फौजदारानं, अमीनसाहेबांनी, ठाण्यातल्या रायफली नळदुर्गच्या चन्नबसप्पा मिस्त्रीकडं तपासायला धाडल्या. नळीचं मागचं तोंड मिटणाऱ्या बोल्टाला केसभर फट लागते. जास्त झाली तर बार तोंडावर उलटतो, कमी पडली तर बोल्ट गच्च बसतो. मिस्त्रीनं एकूण एक बोल्ट बरोबर जमवला. त्याच्या बायकोनं, मल्लम्मानं, रायफली पोत्यात गुंडाळून शिपायांच्या हवाली केल्या.

दुसऱ्याच दिवशी त्या परत आल्या. बेळंबवाडीच्या ऐन वेशीपाशी एकीचाही बोल्ट मिटला नव्हता. मिस्त्रीनं उघडून बघितलं, तर आत तेलात कालवलेलं हळद-कुंकू ठासलेलं.

"अगं, हत्यारं पुजायची खंडेनवमी तर कवाच सरली!"

 

"व्हय की. पण त्या माझ्या माहेराला निघाल्या होत्या. कुंकू न लावता कशा धाडू?"