डिसेंबरचं पुस्तक

दर जानेवारीला आई वर्षाची बारा पुस्तकं फळीवर लावायची, महिन्याला एक. ज्याची सगळ्यात जास्त ओढ, ते डिसेंबरसाठी राखायची. यंदा दवाखान्यातून हिंदी मुलखातल्या गुढियारीच्या घरी आली, तरी ती थेट फळीपाशीच बसली. तिच्या रिपोर्टात काय आलं ते विशालनं पोटात ठेवलं होतं, पण आता त्याला राहवेना. त्यानं शेवटचं जाडजूड पुस्तक उचलून जानेवारीच्या जागी ठेवलं.

"आई, हे पहिले वाच नं."

आईचा हात थांबला. एरवी तिच्या मराठीला आपण हिंदीतच उत्तर देतो आणि आज मराठीत बोललो, हे विशालच्या उशिरा ध्यानात आलं. आईनं एकवार त्याच्याकडे पाहिलं, मग फळीकडे.

"डॉक्टरनं किती पुस्तकं सांगतली रे?"