बाबांनी तपासलेलं पुस्तक

"तुझ्या बाबांचं काय म्हणणं?" साहेबांनी विचारलं.

"काहीच नाही. सगळं पास," पुस्तकवाला म्हणाला आणि डोळे चोळत खुर्चीत रेलला.

ऑफिसात त्याला सगळे पुस्तकवालाच म्हणत. खरं तर त्याच्या पुस्तकाला कागदाचा कपटाही लागत नसे. बुद्धिबळाचा एक अवघड प्रकार होता. त्यात मारलेला मोहरा मारणाऱ्याचा होतो आणि पुन्हा पटावर कुठल्याही रिकाम्या घरात उतरतो. डावाच्या सुरुवातीला कशावर काय खेळायचं, हे कॉम्प्युटरला आधीच शिकवून ठेवावं लागतं. ती शिकवणी म्हणजे त्याचं पुस्तक. मशीन स्वतःशीच खेळत राहायचं, जिंकणाऱ्या चाली ठेवायच्या, हरणाऱ्या कापायच्या. हे दळण दळून तो पार पिचून गेला होता.

शेवटची तपासणी मात्र बाबांची. ते दुसऱ्या गावी ताईकडे राहायचे. त्यांच्या कॉम्प्युटरवर त्याने ऑफिसशी जोडलेला पट मांडून दिला होता आणि पडद्यावरच शेजारी दोन्ही बाजूंच्या चालींचं पुस्तक, मोठ्या अक्षरांत. बाबांना चुका काढायची भारी हौस. चार चाली सरळ खेळायचे, मग पुस्तक सोडून भलतंच काही काढायचे आणि लेकाच्या मेहनतीचं भुस्कट करायचे. वर फोन यायचा, "हे तुझं मशीन शिकलंय की नुसतंच शाळेत जाऊन आलंय?" तो चरफडत भोक बुजवायचा. पुस्तक उभं राहिलं ते त्या बोलण्यांवरच.

थंडी सुरू झाली तसे बाबांचे फोन थांबले. ऐकू येत नाही म्हणे, ताई म्हणाली. पण डाव चालूच होते. रोज दुपारी चाली यायच्या, सगळ्या पुस्तकातल्या, आणि पुस्तक संपलं की बाबा बरोबरी मागायचे. म्हाताऱ्याला आता खोट सापडत नाही, असा त्याने अर्थ लावला. जन्मात पहिल्यांदा बापाने नाक मुरडलं नव्हतं. त्याला फार बरं वाटलं.

"एकदा येऊन जा रे," ताई मध्ये म्हणाली होती.

"येतो ना. हे एकदाचं हातावेगळं होऊ दे. बाबा काय म्हणतात?"

"काम अर्धं टाकून उठू नये, हे त्यांनीच शिकवलंय ना तुला."

"तेच तर. आणि डोकं बघ त्यांचं. असा एक माणूस नाही आमच्याकडे."

"हो," ताई म्हणाली. "डबा वेळेवर खात जा."

आता साहेबांनी विचारलं, "मग पाठवू पुढे?"

"उद्या पाठवा. आज शेवटचा डाव खेळून घेतो."

दुपारी ऑफिस पेंगत होतं. त्याने डाव मांडला. प्यादं, घोडा, उंट. बाबांची उत्तरं सावकाश येत होती आणि सगळी बिनचूक. त्याला एकाएकी कंटाळा आला. एवढं काम पुरं झालं आणि कोणी चार शिव्याही घातल्या नाहीत. बाबांची बोलणी खावीत असं त्याला मनापासून वाटलं. त्याने राजाच उचलला आणि पुढे काढला. शाळकरी पोरही अशी चाल खेळणार नाही.

उत्तर आलं नाही. म्हातारा पोट धरून हसत असणार, किंवा ताईला हाका मारत असणार, या गाढवाला फोन लाव म्हणून. त्याने चहा आणला. तो प्यायला, कप विसळून ठेवला. पट तसाच होता.

मग फोन वाजला. ताईचा. त्याने हसतच उचलला.

"काय म्हणतात? सांग, सगळं ऐकून घेतो."

"अरे," ताई दमल्या आवाजात म्हणाली, "ही चाल पुस्तकात सापडतच नाहीये. आता मी काय खेळू?"