पाठवणारीचं नाव

“मेल पाठवता आला नाही. नाव किंवा पासवर्ड चुकीचा.”

शिवांजलीने चौथ्यांदा पासवर्ड घातला. संगणक आपला हेका सोडेना. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. रहिमतपूरच्या नव्या माती प्रयोगशाळेत प्रमुखाची जागा निघाली होती आणि अर्ज आज पाचपर्यंत पोचायला हवा होता, तोही स्वतःच्या ऑफिसच्या मेलवरूनच.

“एवढं काय त्यात? माझ्या मेलवरून पाठव,” शरच्चंद्र साहेब म्हणाले. “सगळे अहवाल जातातच की.”

“मग जागा तुमालाच मिळंल, साहेब.”

साहेब हसले आणि मधेच हसायचे थांबले. साताऱ्याच्या या प्रयोगशाळेत सात वर्षं माती ती तपासत होती, अहवाल ती लिहीत होती, आणि पाठवणारे म्हणून साहेबांचं नाव जात होतं. यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर आजपर्यंत तिलाही नाही.

संगणकांच्या देखभालीसाठी सांगलीहून महिन्याच्या फेरीला आलेल्या पुष्करने सर्व्हर उघडून दुखणं शोधलं. मेल आत घेणारा प्रोग्राम वेगळा, बाहेर सोडणारा वेगळा, आणि दोघांच्या याद्याही वेगळ्या. आतल्याच्या यादीत शिवांजली होती. बाहेरच्याच्या यादीत तिचं नाव घालायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

“रेशन कार्डासारखंच की,” ती म्हणाली. “लगीन झालं तवा म्हायेरच्या कार्डावरनं नाव लगेच कमी केलं. सासरच्या कार्डावर चढायला तीन वर्सं गेली. तीन वर्सं मी कुठल्याच घरात न्हवते, पर भाकरी मीच थापत व्हते.”

बाहेरच्या यादीला कुलूप होतं पूर्वी इथले संगणक सांभाळणाऱ्या आप्पासोंच्या पासवर्डचं, आणि आप्पासो निवृत्त होऊन कोरेगावला राहत होते. फोनवर म्हणाले, “आवं, त्यो पासवर्ड मी कवाच इसरलो. आता मला जेवलो का न्हाई ते बी आठवत न्हाई.”

“मग ती यादीच नको,” पुष्कर म्हणाला. “बाहेर सोडणाऱ्याने आत घेणाऱ्याला विचारायचं, हे माणूस आपलं का? तो हो म्हणाला की सोडायचं. एकच यादी. पण सर, फसलं तर आज कुणाचाच मेल जाणार नाही. तुमचाही.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग शिवांजलीकडे पाहिलं.

“कर.”

साडेचारला तिने पुन्हा पाठवून पाहिलं. पुन्हा तोच नकार. साहेबांचाही मेल आता अडला. शिवांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पदराने टिपलं. पुष्करने पडद्यावरच्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. दोन्ही प्रोग्राम एकमेकांशी बोलणार ज्या खिडकीतून, ती उघडायची परवानगीच तो द्यायला विसरला होता.

चार बावन्नला मेल गेला. पाठवणारे: शिवांजली. तिने ते दोनदा वाचलं. जागा मिळेल न मिळेल, पण तिला फार बरं वाटलं.

पुष्कर बॅग भरत होता तेव्हा तिच्या संगणकावर टिंग वाजलं. शेजारच्या खोलीतून साहेबांनी एक जुना मेल तिच्याकडे पाठवला होता, मेढ्याच्या केरबांचा. ‘साहेब, तुमी लिव्हलं तसं खत घातलं. आल्याचं पीक लय झाक आलं.’

टिंग. धोंडुबाईंचा. टिंग, टिंग. जयराजचा, आणि आणखी कुणाकुणाचे.

पहिल्या मेलच्या वर साहेबांनी एकच ओळ लिहिली होती: ‘ही पत्रं सात वर्षं चुकून माझ्याकडे येत होती.’