दक्षिणेस

भाऊ माहेरचं शेत विकत होता. हौसाबाईंनी आपला हक्क कधीच सोडून दिला होता. दस्ताच्या दिवशी त्या नुसत्या सोबतीला आल्या होत्या.

दस्तलेखक चतुःसीमा वाचू लागला, "पूर्वेस ओढा, दक्षिणेस हौसाबाई रावजी मोहिते यांची जमीन..."

बांधापलीकडच्याच घरात त्यांना दिलं होतं. सासरी भाकरी थापताना वडलांनी बैलांना घातलेली साद ऐकू यायची.

"आक्का, कागदात तुझं नाव आलं की!" भाऊ म्हणाला.

"आलं बाबा, पण शेजारीण म्हणून."

भाऊ लेखकाला म्हणाला, "तिच्या नावापुढं आमच्या वडलांचंही नाव घाला."

"त्याची गरज नसते हो."

"आम्हाला आहे."

लेखकाने लिहिलं. हौसाबाईंनी ती ओळ त्याला पुन्हा वाचायला लावली.