खाणीची मालिका

मनोहररावांच्या नातीचं, संहिताचं, बारसं झालं त्या वर्षीची गोष्ट. लेकाकडे राहायला आलेले मनोहरराव आणि आपल्या मुलीकडे आलेला जोहान्सबर्गचा सिफो नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावात सायकलवाटेशेजारी एका बाकावर रोज बसत. इंग्रजी दोघांचंही मोडकं. सिफो मोबाइलवर तिकडची नाचाची गाणी ऐकवी, आपल्या क्रिकेट संघाला शिव्या घाली. मग सिफो रोज थोडी थोडी सांगे त्या खाणीच्या मालिकेचा पुढचा भाग मनोहरराव विचारत. खाण कोसळून बोंगानी नावाचा कामगार आत अडकला होता आणि मनोहररावांचा जीव त्याच्यात अडकला होता.

"काढला का रे वर?"

"खणतायत अजून."

"पाणी घालतायत नुसतं. आमच्याकडेही असंच."

बारशाच्या दुसऱ्या दिवशी मनोहररावांनी घुगऱ्यांचा डबा पुढे केला. सिफो म्हणाला, "काल वर काढला. वर आल्यावर गेला."

"वाईट नको वाटून घेऊस. आमच्या मालिकांत मेलेला माणूसही परत येतो."

सिफो त्यांच्याकडे वळला. मग म्हणाला, "कसा येतो? सांग ना."

मनोहरराव रंगवून सांगत राहिले.

मालिका कुठलीच नव्हती. बोंगानी सिफोचा धाकटा भाऊ. संहिताच्या बारशाच्या दिवशी तो वारला.